रात्री वाचून दाखवायला अद्भुत मालिका निवडताना

मानपाड्याहून एका बाबांनी विचारलंय. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. ऐरोलीतल्या ऑफिसातून घरी यायला साडेआठ होतात, तरी रोज रात्री वीसेक मिनिटं ते तिला वाचून दाखवतात. एनिड ब्लायटनचं जादूचं झाड झालं, हॅरी पॉटरचा पहिला भाग झाला. दुसऱ्या भागात भिंतीतून आवाज यायला लागले तसं तिने पुस्तक मिटायला लावलं. आता पुढे काय? अलीकडच्या कोणत्या मालिका चांगल्या? मराठीत काही आहे का? आणि शाळेतल्या बाई म्हणतात की आता तिचं तिला वाचू दे, तर हे थांबवायचं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला नाही तर बाकीच्यांना अर्थ नाही. थांबवू नका. मी बावीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होते आणि आता नौपाड्यात मुलांच्या एका छोट्या वाचनालयात दर शनिवारी वाचन घेते. इतक्या वर्षांत एक गोष्ट सतत दिसत आली आहे: मुलाला ऐकून जे समजतं ते स्वतः वाचून समजण्याच्या खूप पुढे असतं. तिसरीतली मुलगी स्वतः वाचते ती पुस्तकं सोप्या वाक्यांची, मोठ्या टायपाची. पण तिला ऐकून कळते ती गोष्ट पाचवी-सहावीची. हे अंतर मिटायला आठवी उजाडते. तिचं वाचन तिला करू द्याच, दुपारी, सुट्टीत, गाडीत. रात्रीची ती वीस मिनिटं मात्र वेगळी आहेत. तिथे ती तुमच्या आवाजाच्या आधाराने तिच्या आवाक्याबाहेरचं पुस्तक गाठत असते.

आता मालिका कशी निवडायची. इंटरनेटवर याद्या भरपूर मिळतात, पण त्या बहुतेक स्वतः वाचणाऱ्या मुलांसाठी केलेल्या असतात. वाचून दाखवायचं पुस्तक डोळ्यांनी निवडून चालत नाही, ते कानाने निवडावं लागतं. दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक उघडा, मधलंच एखादं पान काढा आणि हलक्या आवाजात दीड-दोन मिनिटं वाचा. जीभ अडखळते का? श्वास घ्यायला वाक्यात जागा आहे का? दोन पात्रं बोलत असतील तर कोण बोलतंय ते 'तो म्हणाला, ती म्हणाली' न वाचताही कळतंय का? सलग दोन पानं नुसतं वर्णन चाललं असेल तर दमून आलेल्या माणसाचा आवाज तिथे सपाट होतो, आणि आवाज सपाट झाला की मूल कुशीवर वळतं. परी आणि इंद्रधनुष्याच्या ज्या लांबलचक मालिका मुली एकामागून एक फस्त करतात, त्यांचं मला वावडं नाही. मुलीला वाचायचा सराव त्यातूनच होतो. पण प्रत्येक भागाचा साचा तोच असल्यामुळे तिसऱ्या भागाला वाचणारा कंटाळतो. रात्रीच्या पुस्तकात तुम्हालाही पुढे काय होणार याची ओढ लागली पाहिजे. ती ओढ तुमच्या आवाजातून तिच्यापर्यंत जाते.

आणि पुस्तक इंग्रजी असलं तरी तुम्ही ते मराठीत वाचू शकता. हे मी अगदी आग्रहाने सांगते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची मराठी आज 'जेव, झोप, दप्तर भर' इतक्यावर येऊन ठेपली आहे. ड्रॅगन, शाप, गुप्त दरवाजा, समुद्रातलं वादळ, विश्वासघात, असल्या गोष्टी मराठीत बोलायची वेळच त्यांच्यावर येत नाही. अद्भुत कथा ही वेळ आणते. पुस्तक इंग्रजी, तोंडातून येतं ते मराठी, अशी सवय लावून घ्या. पहिला आठवडा जड जाईल. वेळ दीडपट लागेल. पण ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसायला जागा मिळाली की त्या रात्रीचं प्रकरण एकदा नजरेखालून घाला, म्हणजे अडणारे शब्द आधीच कळतात.

काही गोष्टी हाताशी येत गेल्या त्या सांगते. संवाद पूर्ण करा, वर्णन आटोपशीर करा. ज्या नावांना अर्थ आहे ती मराठीत आणा, जी नुसती नावं आहेत ती तशीच राहू द्या. हॅरी पॉटरच्या मराठी भाषांतरात पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असं आहे. तो 'परीस' शब्द ऐकला की लोखंडाचं सोनं करणारा दगड वेगळा समजावून सांगावा लागत नाही, आजीने तो आधीच सांगून ठेवलेला असतो. असे शब्द शोधायचे.

सगळ्यात विचार करायला लावतं ते इंग्रजीतलं 'यू'. मराठीत त्याचं 'तू' करायचं की 'तुम्ही', हे वाचणाऱ्याला प्रत्येक जोडीसाठी ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना नातं ठरतं. हॅरी हेडमास्तरांना 'तुम्ही' म्हणेल हे सरळ आहे. पण खलनायक हॅरीला काय म्हणेल? ड्रॅगन मुलाला 'अरे' म्हणेल का? आमच्या शनिवारच्या मुलांनी एकदा यावर अर्धा तास वाद घातला. अनाथासारखी वाढलेली एक मुलगी तिला सोडवायला आलेल्या माणसाला आधी 'तुम्ही' म्हणेल, पण त्याच्यावर विश्वास बसला की 'तू' म्हणेल, तर ते नेमकं कुठल्या प्रकरणात? मुलांनी प्रकरण शोधून दिलं. इतकं बारीक वाचन मी परीक्षेच्या कुठल्या प्रश्नातून करून घेऊ शकले नसते. तसंच लिंगाचं. यंत्रमानव मराठीत 'तो'. पण पुस्तकातली यंत्रमानव 'ती' असेल तर पहिल्याच वाक्याला मुलं थबकतात आणि 'ती का?' असं विचारतात. विचारू द्या.

घरात जी मराठी बोलता तीच वापरा. पुस्तकी करू नका. घणसोलीचे एक आजोबा नातवाला घेऊन यायचे, त्यांनी एका राक्षसाला आगरी बोलायला लावलं होतं. त्या दिवसापासून तो राक्षस मुलांचा आवडता झाला.

तर आता पुस्तकं. तुमच्या मुलीसाठी मी पहिली मालिका निवडेन ती क्रेसिडा कॉवेल यांची 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'. पहिला भाग २००३ चा, एकूण १२ भाग, शेवटचा २०१५ मध्ये आला. सिनेमा पाहिला असेल तर तिला सांगून ठेवा की पुस्तक फार वेगळं आहे. सिनेमातला काळाभोर देखणा ड्रॅगन इथे नाही. इथे आहे तो इतकुसा, हट्टी, दात नसलेला जीव. इंग्रजीत त्याचं नाव 'टूथलेस', आमच्याकडे तो 'बोळक्या' झाला. नायकाचं नाव 'हिकप', म्हणजे उचकी. दणकट, आरडाओरडा करणाऱ्या व्हायकिंग टोळीत हा सरदाराचा किडकिडा मुलगा. ड्रॅगनला शिकवायचं कसं याचं टोळीकडे एक पुस्तक आहे आणि त्यात एकच सूचना आहे: त्याच्यावर ओरडा. उचकीला ओरडणं जमत नाही, पण त्याला ड्रॅगनची भाषा येते. पुढची सगळी गोष्ट त्यातून निघते. लेखिकेने एक गंमत केली आहे, की हे पुस्तक उचकीने जुन्या नॉर्स भाषेत लिहिलं आणि आपण फक्त भाषांतर केलं. म्हणजे तुम्ही वाचता वाचता मराठी करत असाल तर तुम्ही त्या भाषांतराचे पुढचे भाषांतरकार. मुलीला हे सांगा, तिला ते फार आवडेल. पहिले तीन-चार भाग हलके आहेत. सातव्या-आठव्यापासून गुलामगिरी, युद्ध, कुणावर विश्वास ठेवायचा असे प्रश्न येतात. तोपर्यंत तीही दहाची होईल. मालिका मुलाबरोबर वाढते ती अशी.

दमलेल्या आईबाबांना मी पीटर ब्राउन यांचं 'द वाइल्ड रोबो' देते. २०१६ मध्ये पहिला भाग आला, २०१८ आणि २०२३ मध्ये पुढचे दोन. काटेकोर पाहिलं तर ही विज्ञानकथा आहे, परीकथा नव्हे, पण मुलांना त्याचं काही नाही. मालवाहू जहाज वादळात बुडतं आणि खोक्यात बंद असलेली रॉझ नावाची यंत्रमानव एका निर्जन बेटावर जागी होते. बेटावर फक्त प्राणी. पहिल्या भागात ८० प्रकरणं आहेत आणि बहुतेक दोन-तीन पानांची. आज पाचच मिनिटं आहेत? दोन प्रकरणं होतात. वाक्यं छोटी, मराठी करायला सोपी. एक गोष्ट आधी माहीत असू द्या: रॉझच्या हातून चुकून रानहंसांचं एक कुटुंब मरतं आणि उरलेलं एक अंडं ती सांभाळते. त्या पानावर थांबावं लागतं. मी थांबते, काही बोलत नाही, मुलं बोलायला लागली की ऐकते. पुढे ते पिल्लू मोठं होतं आणि थंडीत थव्याबरोबर दूर जातं. आमचं हे पुस्तक एका जानेवारीत चालू होतं आणि त्याच महिन्यात चार-पाच घरं मिळून मुलांना ठाणे खाडीवर ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला घेऊन गेली. एका मुलीने तिथे विचारलं की यातलं कुणाचं पिल्लू पहिल्यांदाच आलं असेल. ती पुस्तकातलाच धागा पुढे ओढत होती.

भारतातली गोष्ट हवी असेल तर चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांची शंखाची त्रयी घ्या. पहिला भाग 'द कॉन्च बेअरर', २००३ चा. कोलकात्यात चहाच्या टपरीवर राबणारा आनंद, रस्त्यावरची निशा आणि हिमालयातून आलेला एक म्हातारा साधक. हरवलेला शंख परत जागेवर पोचवायचा आहे आणि मागे दुष्ट शक्ती लागली आहे. इंग्रजी साधं आहे आणि मराठी करताना ते जणू आपल्या घरी परत येतं, कारण शंख, आश्रम, मंत्र, पुऱ्या, थंडीतली शाल, कशालाच शब्द शोधावा लागत नाही. ज्यांना वाचता वाचता मराठी करायची भीती वाटते त्यांनी सुरुवात इथून करावी. आनंदच्या घरची गरिबी आणि आजारी बहीण हा भाग हळवा आहे, पण त्याने मूल घाबरत नाही. गलबलतं, आणि ते चांगलं आहे.

रोशनी चोक्षी यांच्या 'आरू शाह' मालिकेबद्दल मला नेहमी विचारतात. पाच भाग, २०१८ ते २०२२. पांडवांचे आत्मे आजच्या काळात मुलींच्या रूपात जन्म घेतात आणि आरूच्या ठायी अर्जुनाचा आत्मा आहे. कल्पना झकास. पण पुस्तक अमेरिकेतल्या मुलीच्या तोंडून बोलतं आणि विनोद बरेचसे तिथल्या सिनेमांचे, खाण्याचे. ते मराठीत आणताना दर ओळीला अडायला होतं. शिवाय जिला मूळ महाभारत माहीत नाही तिला त्यातली निम्मी मजा कळत नाही. म्हणून आधी वर्षभर महाभारत सांगा. तुमच्या आईला सांगायला लावा, त्यांना पाठ असेल. मग आरू. आणि हे पुस्तक इंग्रजीतच वाचा. रिक रायर्डन यांच्या 'पर्सी जॅक्सन'लाही हेच लागू आहे, तिथे ग्रीक देव आहेत. ती मालिका २००५ मध्ये सुरू झाली. रायर्डन यांच्या मुलाला वाचायला अवघड जायचं, रात्री झोपताना त्याला ग्रीक कथा सांगता सांगता त्या संपल्या, तेव्हा त्यांनी एक नवा मुलगा त्या कथांत घातला. आधी सांगितलेली आणि मग लिहिलेली गोष्ट असल्यामुळे ती मोठ्याने वाचताना खुलते. नववं-दहावं वर्ष ठीक.

ग्रेस लिन यांचं 'व्हेअर द माउंटन मीट्स द मून' हे २००९ चं पुस्तक माझ्या फार जवळचं आहे. चिनी लोककथांवर बेतलेलं. ओसाड डोंगराच्या पायथ्याशी मिनली नावाची मुलगी राहते. रात्री बाबा गोष्टी सांगतात आणि आई म्हणते, गोष्टींनी पोट भरतं का? मिनली नशीब बदलायला निघते, वाटेत उडता न येणारा ड्रॅगन भेटतो. गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी एक गोष्ट, अशी गुंफण. पंचतंत्र ऐकलेल्या मुलाला ही घडण ओळखीची वाटते. एक छोटी गोष्ट म्हणजे एक रात्र. याच्या जोडीची आणखी दोन पुस्तकं आहेत, पण ती स्वतंत्र आहेत, क्रम पाळायची गरज नाही. ज्या मुलीने नुकतंच घाबरून एक पुस्तक मिटलंय तिच्यासाठी हे औषधासारखं आहे.

आणि 'नेव्हरमूर'. जेसिका टाउनसेंड या ऑस्ट्रेलियन लेखिकेची मालिका, पहिला भाग २०१७ चा, चौथा २०२५ मध्ये आला. मॉरिगन नावाची मुलगी शापित जन्मली आहे. गावात कुणाचं काही बिघडलं, कुणी पडलं, कुणाचा मुरंबा नासला, की दोष तिचा. अकराव्या वाढदिवशी ती मरणार हेही सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मी वाचताना इंग्रजी शब्दाशी थांबले आणि तोंडातून आपसूक आलं, 'पांढऱ्या पायाची'. मागे बसलेल्या दोन आज्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलांनी अर्थ विचारला. एका आजीने सांगितलं, तिच्या मावशीला लग्नानंतर असं म्हणायचे. त्या दिवशी पुढचं प्रकरण झालंच नाही. लांब ऑस्ट्रेलियात लिहिलेलं पुस्तक नौपाड्यातल्या एका घरातलं जुनं दुःख असं बाहेर काढू शकतं, हे मी तिथे पाहिलं.

पुढे मॉरिगनला एक तांबूस दाढीवाला माणूस तिथून काढतो आणि एका गुप्त शहरात नेतो. तिथल्या हॉटेलात तिची खोली तिच्या मनाप्रमाणे रूप बदलते. शहरात एक गाडी आहे जिला थांबेच नाहीत, फिरत्या तारेच्या कड्यांना छत्रीची मूठ अडकवायची आणि लोंबकळत जायचं. हे जुलैत वाचा. घोडबंदर रोडवर बसची वाट बघत छत्री धरून उभ्या असलेल्या मुलाला ते कसं वाटतं ते त्याच्याच तोंडून ऐका. प्रकरणं मोठी आहेत, पुस्तक जाड आहे, म्हणून तुमच्या मुलीसाठी ही पुढच्या पावसाळ्यातली मालिका.

लहान भावंडं असतील तर रूथ स्टाइल्स गॅनेट यांचं 'माय फादर्स ड्रॅगन'. १९४८ चं, म्हणजे नवं मुळीच नाही, पण तीन छोटी पुस्तकं आहेत आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला अख्खी समजतात. एक मुलगा पिशवीत च्युइंगगम, रबरबँड, भिंगं, टूथब्रश असल्या वस्तू भरून ड्रॅगनच्या पिल्लाला सोडवायला निघतो आणि प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या प्राण्यापुढे कामी येते. 'मॅजिक ट्री हाऊस' सहा-सात वर्षांना ठीक, पण ती मुलांनी स्वतः वाचायची.

आता भीती. तिने पुस्तक मिटायला लावलं हे मला चांगलं लक्षण वाटतं. तिला आवाज ऐकू आला, ती भिंत दिसली, म्हणून ती घाबरली. आणि थांब म्हणायची तिला मुभा आहे हे तिला माहीत होतं. ती मुभा कधीही काढून घेऊ नका, 'त्यात काय घाबरायचं' असंही म्हणू नका.

माझ्या हातून एक चूक झाली होती ती सांगते. 'विंग्ज ऑफ फायर' नावाची ड्रॅगनची मालिका आहे, २०१२ पासूनची. नाव अब्दुल कलामांच्या आत्मचरित्राचंच, त्यामुळे पुष्कळदा आजोबा भलतंच पुस्तक घेऊन येतात. मुलं मागत होती म्हणून मी ती आधी न वाचता शनिवारी उघडली. सुरुवातीच्या पानांतच एक ड्रॅगन मारला जातो आणि पिल्लू असलेलं अंडं फोडलं जातं. समोर सात वर्षांची मुलं होती. एका मुलाला दोन रात्री झोप नाही लागली. त्याची आई मला म्हणाली, ताई, तुम्ही वाचलंत म्हणून त्याला ते खरं वाटलं. तिचं बरोबर होतं. दहाच्या पुढच्या मुलांना ती मालिका आवडते, मी देतेही. पण आवाजाने भीती दुप्पट होते. तेव्हापासून न वाचलेलं प्रकरण मी मुलांसमोर उघडत नाही.

घरी काय करायचं? भीतीदायक प्रकरण रविवारी सकाळी वाचा, उजेडात, चहा-पोहे चालू असताना. रात्री नको. हवं असेल तर आधीच सांगून टाका की गोष्टीतला मुलगा यातून जिवंत सुटतो. गोष्ट फोडल्याने मजा जात नाही. आपण अलबत्या-गलबत्याचं नाटक पाहताना चेटकीण शेवटी हरणार हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, तरी गडकरी रंगायतनमध्ये ती रंगमंचावर आली की पोरं किंचाळतातच. आणि प्रकरणाच्या शेवटी थांबू नका. आजकालचे लेखक प्रकरण मुद्दाम कड्यावर नेऊन सोडतात. तुम्ही कड्याच्या पुढची एक-दोन पानं वाचा, माणसं जरा सावरली, काही खायला बसली, की खूण घाला. झोप चांगली लागते.

हॅरीचं काय? हॅरी दर भागात एक वर्षाने मोठा होतो आणि पुस्तकंही. पहिला भाग इंग्रजीत साधारण ७७,००० शब्दांचा. रात्री वीस मिनिटांत तीनेक हजार शब्द होतात असं धरलं तर सव्वीस रात्री. पाचवा भाग २,५७,००० शब्दांचा, म्हणजे शहाऐंशी रात्री. चौथ्याच्या शेवटी एक विद्यार्थी मारला जातो आणि तिथून मालिका मोठ्या मुलांची होते. ही पुस्तकं १९९७ ते २००७ अशी दहा वर्षांत आली. तेव्हाच्या मुलांना पुढच्या भागाची वाट बघत वाढायला वेळ मिळाला, आजच्या मुलांच्या समोर सातही भाग एकदम ठेवलेले असतात. वर्षाला एक वाचा. वाढदिवसाला पुढचा भाग, असं काही घरांनी ठरवून टाकलंय आणि ते छान चाललंय.

मराठीत काय, या प्रश्नाचं उत्तर देताना मला वाईट वाटतं. आजच्या मुलाची, आजच्या शहरातली, सलग सात-आठ भागांची अद्भुत मालिका माझ्या कपाटात मराठीतून लिहिलेली नाही. फास्टर फेणे आहे, अजूनही धावतो, पण ती साहसकथा. म्हणून मी मालिकेच्या दोन भागांमध्ये मराठी पुस्तक घालते. जी. ए. कुलकर्णींचं 'बखर बिम्मची' वाचा. मोठ्यांसाठी इतकं गडद लिहिणाऱ्या माणसाने लहान मुलासाठी किती हलक्या हाताने लिहिलंय ते मोठ्याने वाचल्यावरच कळतं. विंदांचं 'एटू लोकांचा देश' हे तर अद्भुत जगच आहे, फक्त कवितेत. रोज रात्री मुख्य पुस्तकाआधी एक कविता, दोन मिनिटं. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, त्यांत परीकथा आणि विज्ञानकथा दोन्ही सापडतात.

पुस्तकं सगळी विकत घेऊ नका. पहिला भाग वाचनालयातून आणा, जमला तर पुढचे घ्या. मराठी पुस्तकांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासून चालू आहे, मुलीला बरोबर घेऊन जा, तिचा हात कुठल्या कप्प्याकडे जातो ते बघा. इंग्रजी मालिकांचे सुटे भाग माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ जुने मिळतात, मात्र तिथे आधी तिसरा भाग हाती लागतो आणि पहिला नाही, तेव्हा धीर धरा.

या आठवड्यात ग्रेस लिन सुरू करा, ते झालं की उचकी आणि बोळक्या. हॅरीचा दुसरा भाग मात्र माळ्यावर टाकू नका. तिच्या हाताला येईल अशा कप्प्यात, तिने मिटलं त्या पानावर खूण घालून ठेवा. कधीतरी, बहुधा रविवारी सकाळी, ती तो स्वतःच काढून तुमच्याकडे आणून देईल.